खडकी युनियनचा कप आणि सोडलेलं वांगं

पुंडलिकनगर, औरंगाबाद
मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, बुधवार, सन १९८३

श्री. तात्यासाहेब यांना कडूबाचा हात जोडून रामराम, वहिनींना नमस्कार, आणि तुमच्या उजव्या गुडघ्याला वेगळा रामराम.

इकडं आम्ही देवाच्या दयेनं खुशाल आहोत. तुमची बहीण आवडा ठणठणीत आहे. तुमच्या मागच्या पत्रात गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. बसलं की उठवत नाही आणि उठलं की बसवत नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. निर्गुडीच्या पाल्यानं शेकायला सांगितलं होतं, ते शेकलं का? चालताना लंगडता का? लंगडत असाल तर दुरून दिसण्याइतकं लंगडता, का जवळ आल्यावरच कळतं? (ही चौकशी मी नुसती रीत म्हणून करत नाही, ते पुढं येईलच.) तूर कशी आहे? हरभऱ्याला घाटे धरले का? गाय व्याली का? वांगी कशी आहेत? सहज विचारलं. पत्र लिहायला तसं विशेष कारण काही नाही. बसल्या बसल्या तुमची आठवण झाली आणि शाळेत शेवटची घंटा देऊन येताना आंतरदेशीय घेऊन आलो. त्यात माझं मावणार नाही हे लक्षात आल्यावर वहीची पानं फाडून घेतली.

तात्यासाहेब, आता खाली बसा. (बसवत नसेल तर भिंतीला टेका.) आपली खडकी युनियन नहर कपाच्या फायनलला गेली आहे. हे वाक्य मी लिहून पाच मिनिटं नुसतं बघत बसलो. अक्षर माझंच आहे. तेवीस वर्षांपूर्वी आपण फायनलला गेलो होतो, त्यानंतर आपली मजल बहुतेक वेळा पहिल्या फेरीपर्यंत आणि एकदा मैदानावर पोचण्यापर्यंतच गेली. (त्या वर्षी सामना आदल्या दिवशीच होऊन गेला होता.) रविवारी दुपारी चार वाजता जालन्याच्या टीमशी गाठ आहे. शनिवारी चंपाषष्ठी आणि रविवारी फायनल. देवानं हे दोन दिवस शेजारी शेजारी का ठेवले असावेत, याचा मी परवापासून विचार करतो आहे.

तुम्हाला सगळं पाठ आहे, तरी लिहितो. मनातला गाळ उपसला म्हणजे खाली पाणी किती आहे ते कळतं. पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या वर्षी मी कन्नडजवळच्या आमच्या गावातून इथं आलो. पंधरा वर्षांचा होतो, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, शहरात ओळखीचं कुत्रंही नाही. पहिल्याच रविवारी हिंडत हिंडत मैदानावर गेलो, तर दोन बाजूंना दोन घोळके बसलेले. मी सावली बघून लिंबाखाली बसलो. शेजारच्या माणसानं काही न विचारता ओंजळभर खारे शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. ते गफ्फार मास्तर. ती बाजू खडकी युनियनची निघाली. सावली पलीकडं असती तर मी छावणीवाल्यांचा झालो असतो आणि आतापर्यंत अकरा कप बघितले असते. पण एकदा मीठ खाल्लं म्हणजे खाल्लं. देव, आई-बाप आणि टीम ही माणूस निवडत नाही, असं माझं मत आहे, आणि तिघांविषयीही तक्रार करू नये. (तिसऱ्याविषयी मी करतो, पण मनात.)

तेव्हापासून चौतीस वर्षं मी त्याच लिंबाखाली बसतो. लिंब दोनदा छाटला, मी बसतोच आहे. शर्टाचा रंग अजून जांभळाच आहे. रंगाऱ्यानं निळा द्यायचा तो चुकून जांभळा दिला, मॅच दुसऱ्या दिवशी होती म्हणून तसाच घातला, आणि त्या दिवशी आपण जिंकलो, तेव्हा तो शुभ ठरला. पुढं त्या शुभ रंगात आपण किती सामने हरलो हे कोणी मोजलं नाही. यंदा तर विचारूच नका. जूनमध्ये क्रिकेटचा वर्ल्ड कप आला आणि सगळ्या गावाच्या हातात बॅटी आल्या. आमच्या गल्लीत लाकडाची फळी उरली नाही. मैदानाच्या मधोमध क्रिकेटवाल्यांनी पट्टा ठोकला आहे, त्यावर चेंडू टप्पा खाऊन कुठं जाईल हे फक्त खंडेरायाला ठाऊक. आमच्या शाळेचे हेडमास्तर मला म्हणाले, "काय कडूबाराव, अजून फुटबॉलच? जग कुठं गेलं!" मी म्हणालो, सर, जग गेलं असेल, मी लिंबाखाली आहे.

आता सन साठची गोष्ट काढतो. रागावू नका. नहर कपाची फायनल, शून्य-शून्य, दोन मिनिटं बाकी. तुम्ही डावे बॅक. सामना संपला की आपण पैठणच्या गाडीनं तुमच्या घरी जायचं ठरलं होतं. मागच्या रस्त्यावर एसटीनं हॉर्न दिला. तुम्ही मान वळवली. चेंडू त्याच मानेला लागून आपल्याच गोलात गेला. (गाडी पैठणची नव्हतीच. खुलताबादची होती. हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.) त्या दिवशी जायला आपल्याला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो.  बिडकीनला चहा घेताना तुम्ही म्हणालात, "कडूबा, मान व्हती रे. माझी मान." एवढंच.

पैठणला उतरून आपण आधी गोदावरीवर गेलो. तेव्हा धरण नव्हतं, नदी वाहती होती आणि पाणी असं गार की पश्चात्ताप आपोआप व्हावा. कमरेइतक्या पाण्यात तुम्ही फुटबॉल सोडलात आणि मी वांगं. तीर्थावर काही सोडायचं तर आवडीचं सोडावं, आणि वांग्याइतकं मला या जगात काही आवडत नव्हतं. शिवाय रंगही आपल्या शर्टाचा. मी देवाकडं कप मागितला नाही, हे तुम्ही साक्षीला आहात. देवाला दोन्हीकडची पोरं सारखीच, त्याला अशा भानगडीत ओढणं बरं नव्हे. मी फक्त म्हणालो, खडकीला कप येईपर्यंत वांगं तोंडात घालणार नाही, आणि घाई काही नाही. ते "घाई काही नाही" मी म्हणायला नको होतं. देवानं तेवढंच ऐकलं असं दिसतं.

तिथून ओल्या धोतरानं तुमच्या घरी आलो, आणि तुमच्या मातोश्रींनी ताट वाढलं. ताटात बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. चुलीपुढं आवडा बसलेली, अठरा वर्षांची. भरीत तिनंच केलेलं. वरून कच्च्या तेलाची धार, शेजारी कांदा. नेम करून मला अर्धा तास झाला होता, तात्यासाहेब. अर्धा तास! मी भरीत बाजूला सारलं आणि भाकरी कांद्याशी खाऊ लागलो. मातोश्री म्हणाल्या, "का रं बाबा, भरीत नाय आवडत?" मी म्हणालो, सोडलंय. आत्ताच, नदीत. एक इच्छा पुरी होईपर्यंत. मातोश्रींनी माझ्याकडं बघितलं, मग चुलीकडं बघितलं, मग परत माझ्याकडं, आणि म्हणाल्या, "व्हय का?" तुम्ही शेजारी बसून खाली मान घालून जेवत होता. त्या मानेनं दोन दिवसांत दुसऱ्यांदा घात केला. महिनाभरात तुमच्याकडून स्थळ आलं. एवढा सालस मुलगा, पोरगी एकदा बघितली आणि वांगं सोडलं, असं तुमच्या भावकीत झालं होतं. मी ते खोडून काढलं नाही. खरं सांगायचं तर मला आवडा आवडली होतीच, भरीत बाजूला सारताना मी तिच्याकडं दोनदा बघितलंही होतं. पण वांगं तिच्यासाठी नव्हतं. वांगं खडकीसाठी होतं.

मला वाटलं, लग्न झालं की इच्छा पुरी झाली असं धरून वांग्याचा विषय निघेल आणि तेव्हा सांगून टाकू. निघालाच. पहिल्याच आठवड्यात तिनं लाजत लाजत भरली वांगी केली. मी नको म्हणालो. ती बिचारी कावरीबावरी झाली. तेवढ्यात आमच्या आईनं, देव तिला शांती देवो, आतून सांगितलं, "अगं, तू सुखी राहावी म्हणून जन्माचं सोडलं असंल त्यानं. बोलून दाखवायचा नाय तो." झालं. आवडाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यात माझं फुटबॉल कुठं सांगता? तात्यासाहेब, बावीस वर्षं झाली. पुंडलिकनगरातल्या सगळ्या बायकांना माहीत आहे की कडूबारावांनी बायकोसाठी वांगं सोडलं. नव्या नवऱ्यांना माझा दाखला देतात. परवा एक तरणा माणूस मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "काका, तुमच्यामुळं माझी दोडकी बंद झाली."

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तिनंही सोडलं. "तुम्ही नाय तर मीबी नाय," असं म्हणाली आणि आमच्या घरातून वांगं गेलं. पैठणच्या मळ्यात वाढलेली मुलगी, जिच्या माहेरी वांगी पोत्यानं निघतात. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य लागतो, तेवढ्यापुरतं ती भाजते. मी प्रसाद म्हणून डोळ्यांना लावतो आणि गाईला देतो. आवडा बाकीचं ताट झाकून शेजारी सारजाबाईंकडं पोचवते आणि तिथं तासभर बसून येते. घरात वास सहन होत नसावा बिचारीला. माझ्या एका खेळाच्या वेडापायी तिच्या बावीस चंपाषष्ठ्या गेल्या, हे मनात आलं की पूजेला बसलो तरी डोळे मिटवत नाहीत. एक मात्र सांगतो, व्रताचं फळ असतं. लहानपणापासून माझ्या अंगाला हिवाळ्यात भयंकर खाज सुटायची, अंगभर पित्त उठायचं. गोदावरीत नेम केला त्या दिवसापासून पुन्हा एकदाही उठलं नाही. देवाला कळतं, फक्त कपाचं तेवढं त्याच्या लक्षात राहत नाही.

यंदाचं कसं घडलं ते ऐका. पहिल्या फेरीत समोरच्यांची जीप कन्नडच्या घाटात बंद पडली आणि त्यांची आठच माणसं पोचली, त्यातला एक ड्रायव्हर. आपण एक-शून्यनं जिंकलो. (ड्रायव्हर चांगला खेळला.) दुसऱ्या फेरीत पेनल्टीवर. आपला गोलकीपर बन्सी दूधवाला आहे, पहाटे चारला उठतो, त्यामुळं संध्याकाळी त्याचे डोळे मिटायला लागतात. पेनल्टीच्या वेळी तो झोपेत डावीकडं कलला आणि चेंडू त्याच्या छातीवर आला. परवा सेमी-फायनलला तर त्यानं आपल्या गोलातून नुसता लांब टोला हाणला, चेंडू त्या क्रिकेटच्या पट्ट्यावर पडला आणि असा उसळला की समोरच्या गोलकीपरच्या डोक्यावरून आत. क्रिकेटनं फुटबॉलला दिलेली ही पहिली मदत. मी उठून ओरडणार तोच गफ्फार मास्तरांनी माझं धोतर धरून खाली बसवलं. "कडूबा मियाँ, बैठो! मुँह बंद! खुशी की भी नज़र लगती है." मास्तर आता सत्तरीला आले, काठी घेतात, पण शेंगदाणे अजून आणतात. त्यांचे दात गेले, तेव्हा ते मीठ चोखतात आणि दाणे मला देतात. (हे आवडाला सांगू नका.)

घरी आलो तो मला चेहरा आवरेना. आवडा म्हणाली, "काय हो, आज फार खुशीत?" मी म्हणालो, चंपाषष्ठी जवळ आली ना. ती म्हणाली, "व्हय, दरसालच येते," आणि तवा ठेवायला गेली.

आता पेच बघा. रविवारी हरलो तर काही प्रश्न नाही, हरायची मला सवय आहे. पण जिंकलो तर? नेम पुरा झाल्यावर सोडलेली वस्तू पुन्हा धरावीच लागते. नाही धरली तर देवानं केलेलं काम आपण नाकारल्यासारखं होतं. आणि आमच्या गावची रीत अशी की सोडताना जो साक्षीला होता त्याच्याच हातून पहिला घास घ्यायचा. आणि मी वांगं खाल्लं की आवडा विचारणार, कुठली इच्छा पुरी झाली? त्यावर मी काय सांगू? बन्सीनं गोल अडवला म्हणून? बावीस वर्षं जी बाई माझ्या एका भाजीवर विश्वासून सुखात राहिली तिला? तात्यासाहेब, लाज वाटते लिहायला, पण काल आरतीला उभा असताना माझ्या मनात येऊन गेलं, हरलो तर बरं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मी लगेच कान पकडले आणि खंडेरायाला म्हणालो, ते माझं नव्हे, ते भीतीचं बोलणं होतं.

मास्तरांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, "भाभी को सच बोल दो, मियाँ. सच में बरकत है." मी म्हणालो, मास्तर, तुम्ही घरी खरं सांगता? ते काठीनं जमीन उकरत म्हणाले, "घर में तो यही मालूम है, पैंतीस साल से नमाज़ के बाद टहलने जाता हूँ." म्हणजे तिथंही वांगंच आहे, फक्त नाव वेगळं.

असो. मन हलकं झालं. सर्वांना यथायोग्य सांगणे. वासराचं काय ते कळवा. आवडाचा नमस्कार. (ती आत भाकरी करते आहे, तिला हे पत्र दाखवलेलं नाही.)

तुमचा मेहुणा,
कडूबा

ता. क. (गुरुवार) : काल एक लिहायचं राहिलं. तसं किरकोळच आहे. रविवारी सकाळच्या गाडीनं तुम्ही इकडं या, आणि येताना मळ्यातली चार वांगी आणा, जांभळी, काटेरी, देठ हिरवे असलेली. पिशवीत वर पेरू ठेवा. आणि देवाच्या कृपेनं आपण जिंकलोच, तर आवडाला एवढंच सांगा की कडूबानं वांगं सोडलं होतं ते माझ्या गुडघ्यासाठी, आणि आता गुडघा बरा झाला. गुडघा दुखायला लागून चारच वर्षं झालीत हे मला ठाऊक आहे, पण ती हिशेबात कच्ची आहे. फक्त त्यासाठी तुम्ही लंगडता कामा नये. स्टँडपासून घरापर्यंत लंगडा, हरकत नाही, रिक्षा करा, पण फाटकापासून ओट्यापर्यंत पंधरा पावलं आहेत (मी मोजली), तेवढी ताठ चाला. आणि जेवायला पाटावर मांडी घालून बसा. उठताना मी हात देईन. आपली ही गोष्ट कोणाला सांगणार नाही असं तुम्ही गोदावरीच्या पाण्यात वचन दिलं होतंत, आणि तेवीस वर्षं ते पाळलंत. म्हणूनच तुमच्याजवळ मागतो.

ता. क. दुसरा (सोमवार) : तात्यासाहेब, तुम्ही आला नाहीत त्यात तुमचा दोष नाही. हे पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं. पेटीत टाकलं असं मला पक्कं आठवत होतं, आणि टाकलं होतंही काहीतरी. ते सारजाबाईंचं लाइट बिल निघालं, त्यांनी मला भरायला दिलेलं. रविवारी सकाळी मी स्टँडवर पैठणच्या तीन गाड्या बघितल्या. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या गुडघ्याकडं बघत उभा होतो, तेव्हा एक बाई माझ्यावर ओरडली.

पण ते राहू द्या. आपण जिंकलो. जिंकलो! एक-शून्य. शेवटच्या चार मिनिटांपर्यंत कोणाचा काही नाही. बन्सी जागा होता, त्यानं त्या दिवशी दूध भावाला घालायला लावलं होतं. मग आपल्या पोरानं कोपऱ्यातून चेंडू उडवला आणि त्यांच्या डाव्या बॅकनं तो डोक्यानं स्वतःच्याच गोलात घातला. सगळं मैदान नाचत होतं आणि मला एकदम तुमची आठवण झाली. मी नाचायचं सोडून त्या पोराकडं गेलो. तो गवतात तोंड खुपसून पडला होता. त्याच्याजवळ बसून म्हणालो, बाबा, एका भल्या माणसाच्या हातून असंच झालं होतं, आज पैठणला त्याचा मळा आहे, गोठ्यात गाय आहे, त्याचं काही वाईट झालं नाही. त्यानं विचारलं, "पुन्हा खेळले का ते?" मी म्हणालो, नाही, पण तू खेळ. मास्तरांनी शर्टाच्या बाहीनं कप पुसून माझ्या हातात दिला. आत भाजीच्या वाटीइतकीच जागा आहे. इतक्या वर्षांत मी तो जवळून बघितलाच नव्हता. मास्तरांना रडू आलं होतं, पण "धूल है, धूल," असं म्हणत होते.

घरी येताना मी दोन गल्ल्या लांबून आलो. ओट्यावर चढलो तर भाजल्या वांग्याचा वास. चंपाषष्ठीच्या नैवेद्यातली दोन वांगी उरली असावीत. आवडानं काही न विचारता ताट वाढलं. बाजरीची भाकरी, भरीत, वर कच्च्या तेलाची धार, शेजारी कांदा. मी पाटावर बसलो. म्हणालो, पहिला घास साक्षीदाराच्या हातून घ्यायचा असतो. ती म्हणाली, "मग मी देते की. त्या दिवशी चुलीपुढं मीबी होतेच." तिनं घास दिला आणि मी खाल्ला. तात्यासाहेब, तेवीस वर्षांनी! कप एका बाजूला आणि तो घास एका बाजूला. दोन वांग्यांचं सगळं भरीत मी एकट्यानं संपवलं. तिनं मात्र कुठली इच्छा पुरी झाली, कशासाठी, काही म्हणजे काही विचारलं नाही. हे मला बरं वाटेना. ती ते 'चुलीपुढं मीबी होतेच' म्हणाली, त्याचा अर्थ मी अजून लावतो आहे. पुढं सविस्तर लिहिलं असतं, पण अंगात जरा कसंसंच होतंय आणि बोटं

ता. क. तिसरा : दादा, नमस्कार. मी आवडा लिहिते. ह्यांचे हात सुजलेत, पेन धरवत नाय. अंगभर पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावून खाटेवर बसवलंय. काळजी करू नका, दोन दिवसांत उतरंल. सासूबाईंनी मला भरली वांगी केली त्या रात्रीच सांगितलं होतं की ह्यांना लहानपणापासून वांगं सोसत नाय, पण आवड इतकी की ऐकायचे नाय. म्हणून त्यांनी सोडलंय म्हटल्यावर आम्ही दोघीबी गप बसलो. कशासाठी का सोडंना.

पत्र सगळं वाचलं. वही उघडीच पडली होती. दादा, तुम्ही वचन पाळलं असं हे लिहितात, मला हसू आवरंना. नदीवरून आल्यावर आठ दिवसांत गोठ्यात बसून तुम्हीच मला सगळं सांगितलं होतं, मानेसकट. मी तवाच म्हटलं होतं, खेळासाठी जो माणूस एवढं सोडतो तो बायकोला काय सोडणार. हो म्हटलं लग्नाला. पहिल्या आठवड्यात भरली वांगी मी मुद्दाम केली, नेम खरा का ते बघायला, आणि डोळ्यांतलं पाणी हसू दाबल्याचं होतं. बायकांना मी सांगायची की माझ्यासाठी सोडलं. सांगायला काय जातं, ऐकायला बरं वाटायचं. आणि मी काय सोडलं नव्हतं. दर चंपाषष्ठीला सारजाबाईकडं पोटभर भरीत खाऊन येत होते. ह्यांना वाटतं मी वासाला भिऊन जाते.

दरसाल मी खंडोबाला सांगायची, देवा, पोरांना लागू देऊ नको, पडू देऊ नको, पण कप तेवढा नको, ह्यांना भरीत खावं लागंल. यंदा नैवेद्याच्या गडबडीत सांगायची राहिले. काल मैदानाकडून आरडाओरडा ऐकू आला तशी समजले आणि वांगी भाजायला घातली. तेवीस वर्षं वाट बघितली माणसानं, एक दिवस खाजवलं तर काय मरत नाय.

तुम्ही येऊ नका, गुडघा सांभाळा. वांगी तर मुळीच पाठवू नका, पेरू पाठवा. सारजाबाईचं बिल उद्या मीच भरून येते.

आता खाटेवर बसून म्हणतात, कप पुढच्या सालीबी राहावा म्हणून परत काहीतरी सोडायला पायजे, वांगंच सोडतो. म्हटलं, सोडा. पण ह्या खेपेला माझ्या नावानं सोडा. त्यांनी मान हलवली. पण खाजवता खाजवता हलवली, त्यामुळं ती व्हय म्हणून हलली का नुसतीच, ते काय कळलं नाय.